ग्रीनलंड मोकळा भूखंड नाही : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वर्तमानपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलंड अमेरिकेच्या ताब्यात हवे असे पुन्हा म्हटले आणि हे बेट मराठी बातम्यांत ठळकपणे आले. ऑगस्ट २०१९ मध्येही ते असेच आले होते, पण तेव्हा लवकरच मागे पडले. या वेळी बातमी टिकली. तेव्हापासून या विषयावर मराठीत आलेले बरेच काही आम्ही वाचले आणि पाहिले. त्यात दुर्मीळ खनिजे आहेत, क्षेपणास्त्रे आहेत, रशिया-चीनच्या जहाजांचे मार्ग आहेत, वॉशिंग्टन आणि कोपनहेगनच्या नेत्यांची वक्तव्ये आहेत. तिथे राहणारा माणूस मात्र शोधावा लागतो. सापडलाच तर तो कुत्र्यांच्या गाडीवर बसलेला, बिननावाचा, छायाचित्रापुरता. त्याला काय हवे आहे हे त्याच्या तोंडून क्वचितच येते. हे वाचून गप्प बसणे आम्हाला जमत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आमचा या विषयाशी संबंध भाषेतून आला. ग्रीनलंडच्या भाषेचा अभ्यास करणारे आणि अनुवादाचे काम करणारे आम्ही मराठी वाचक आहोत. तुम्ही जे छापता तेच पुढे वर्गात सांगितले जाते आणि स्पर्धापरीक्षांच्या टिपणांत उतरते, त्यामुळे बातमीतली चूक बातमीपुरती राहत नाही. शिवाय एखाद्या लहान प्रदेशाचे काय करायचे हा प्रश्न तिथल्या लोकांनाच विचारायचा असतो, हे आपल्याला नवे नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, याचा निकाल मुंबईने दिला नाही आणि दिल्लीनेही नाही. गोव्याच्या मतदारांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने तो दिला. महाराष्ट्रात अनेकांना तो रुचला नाही, पण सर्वांनी तो मानला.

आता तक्रारी.

पहिली लोकसंख्येची. ‘जेमतेम ५६ हजार लोक’ एवढे सांगून बातमी पुढे सरकते, आणि हा आकडा बेट मोकळे असल्याचा पुरावा असल्यासारखा वापरला जातो. आकडा चुकीचा नाही. २०२५च्या सुरुवातीला तिथे सुमारे ५६,५०० लोक होते. पण हे लोक २१.६६ लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेले नाहीत. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग हिमस्तराखाली आहे आणि तिथे कोणीच राहत नाही. उरलेली बर्फाबाहेरची जमीन सुमारे ४.१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठी. वस्ती तिच्या किनाऱ्याकिनाऱ्याने आहे, तीही मुख्यतः पश्चिमेला. राजधानी नूकमध्ये २० हजारांच्या आसपास लोक राहतात, म्हणजे देशातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणूस एकाच शहरात आहे. त्यानंतर सिसिमिउत साडेपाच हजारांच्या घरात आणि इलुलिस्सात पाच हजारांच्या आसपास. पूर्व किनाऱ्यावर तासीलाक आणि इत्तोक्कोर्तूर्मीत, अगदी उत्तरेला सहाशेच्या आसपास वस्तीचे कानाक. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. बोट, विमान, हेलिकॉप्टर, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, एवढीच साधने. म्हणून आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढ्या लोकसंख्येला तिथे देशभर पसरलेले दवाखाने, शाळा, वीजकेंद्रे, बंदरे आणि विमानतळ चालवावे लागतात. ‘एवढ्याशा लोकांना पैसे देऊन टाका’ असे एखाद्या चर्चेत कोणी म्हणतो, तेव्हा यातले काहीच त्याच्या डोळ्यांपुढे नसते.

हा आकडा गेली सुमारे तीस वर्षे ५५ ते ५७ हजारांच्या दरम्यान अडकलेला आहे. तो का वाढत नाही, हे विचारायला हवे. एक कारण स्थलांतर. ग्रीनलंडमध्ये मूळ असलेले सुमारे १७ हजार लोक डेन्मार्कमध्ये राहतात, म्हणजे बेटावरच्या दर दहा जणांमागे तिघे. काही उच्च शिक्षणासाठी जातात, काही मोठ्या उपचारांसाठी, काही घर मिळत नाही म्हणून.

दुसरे कारण सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. १९६६ ते १९७० या काळात डेन्मार्कच्या आरोग्य यंत्रणेने ग्रीनलंडमधल्या सुमारे ४,५०० स्त्रिया आणि मुलींच्या गर्भाशयात गर्भनिरोधक साधन बसवले, आपल्याकडे ज्याला सरसकट तांबी म्हणतात त्या प्रकारचे. मूल होण्याच्या वयातल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना ते बसवले गेले. अनेकींची संमती घेतली नव्हती, कित्येक जणी शाळकरी मुली होत्या, त्यांच्या आईवडिलांना कळवलेही नव्हते. जन्मदर काही वर्षांत निम्म्यावर आला. २०२२ मध्ये हे प्रकरण मोठ्या प्रमाणावर उघड झाले. डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये माफी मागितली आणि २४ सप्टेंबरला नूकला जाऊन त्या स्त्रियांसमोर ती पुन्हा मागितली. ‘जेमतेम ५६ हजार’ हा आकडा सगळा निसर्गाने ठरवलेला नाही. तो छापताना ही ओळ सोबत असावी.

दुसरी तक्रार नकाशाची, आणि ती थोडक्यात आटोपते. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ध्रुवांकडचा प्रदेश फुगतो, म्हणून पडद्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. आफ्रिका प्रत्यक्षात त्याच्या चौदा पट आहे. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे. क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात दाखवणारा समक्षेत्र नकाशा वापरला की काम झाले.

तिसरी तक्रार ‘एस्किमो’ आणि ‘इग्लू’ या दोन शब्दांची. एस्किमो हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. तिथले लोक स्वतःला कलाल्लित म्हणतात, आणि अलास्का-कॅनडातल्या आप्तांसह सगळ्यांना मिळून इनुइट. एक माणूस इनुक, अनेक माणसे इनुइट. देशाचे नाव कलाल्लित नुनात, म्हणजे कलाल्लितांची भूमी. बर्फाच्या विटांचे घुमटाकार घर हे पश्चिम ग्रीनलंडचे राहते घर कधीच नव्हते. तिथली जुनी घरे दगडमातीची आणि गवताच्या ढेपांची असत. इग्लू या शब्दाचा अर्थ नुसता ‘घर’. ग्रीनलंडमध्ये त्याचेच रूप इल्लु. नूकमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट असलेली इमारतही इल्लुच.

हा शब्द हाताशी आलाच आहे, तर भाषेबद्दलची चौथी तक्रार त्यावरूनच सांगतो. मराठी बातम्यांत ‘तिथे डॅनिश आणि एक स्थानिक बोली बोलतात’ असे वाचायला मिळते. ती बोली नाही. कलाल्लिसुत ही भाषा आहे, आणि २१ जून २००९ पासून लागू असलेल्या स्वशासन कायद्याच्या २०व्या कलमाने तीच ग्रीनलंडची अधिकृत भाषा आहे. संसदेत ती चालते, प्राथमिक शाळेत ती चालते, सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणी तिच्यात बोलते. तिच्यातले पहिले वर्तमानपत्र, आतुआगाग्दलिउतित, १८६१ साली नूकमध्ये निघाले. ‘केसरी’ निघायला अजून वीस वर्षे होती. पन्नास हजारांच्या थोडे वर बोलणारे असलेल्या भाषेत दीडशेहून अधिक वर्षांची पत्रकारितेची परंपरा आहे. आपण स्वतः पत्रकार असून तिला बोली म्हणता, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

ती कशी चालते हे पाहिले तर मराठी माणसाला ती दूरची वाटत नाही. इल्लु म्हणजे घर. त्याला ‘जवळ असणे’ या अर्थाचा प्रत्यय आणि ‘मी’चा शेवट जोडला की इल्लोकार्पुंगा, ‘माझ्याकडे घर आहे’. मधे ‘हवेसे वाटणे’चा प्रत्यय घातला की इल्लोकारुसुप्पुंगा, ‘मला घर असावे असे वाटते’. नकाराचा घातला तर इल्लोकान्गिलांगा, ‘मला घर नाही’. आपण चार शब्दांत सांगतो ते तिथे एका शब्दात बसते, आणि प्रत्ययांचा क्रम बदलला तर अर्थ बदलतो. म्हणूनच डॅनिशमधून कलाल्लिसुतमध्ये अनुवाद करणारे यंत्र किंवा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम इंग्रजीच्या पद्धतीने शब्दांची यादी घालून बनवता येत नाही. व्याकरणाचे नियमच त्यात बसवावे लागतात. नूकमधली भाषा सचिवालयाची संस्था, ओकासिलेरिफ्फिक, हे काम वर्षानुवर्षे करते आहे.

आता नूक घ्या. नूम्मी म्हणजे नूकमध्ये, नूम्मुत म्हणजे नूकला, नूम्मीत म्हणजे नूकहून. पुणे, पण पुण्यात, पुण्याला, पुण्याहून. प्रत्यय लागण्याआधी शब्द रूप बदलतो, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. तसेच काहीसे तिथेही घडते. ‘पुरुषाने स्त्रीला पाहिले’ यातला आपला ‘ने’ इंग्रजी शिकताना कुठे नेऊन ठेवायचा असा प्रश्न पडतो. कलाल्लिसुतमध्ये तो जागेवर आहे : अंगुतिप अर्नाक ताकुवा. अंगुत म्हणजे पुरुष, आणि शेवटचा ‘प’ हाच तो कर्त्याचा प्रत्यय. फरक एवढाच की आपला ‘ने’ मुख्यतः भूतकाळात येतो, त्यांचा ‘प’ काळाकडे पाहत नाही. लिंगभेद मात्र त्यांच्याकडे मुळीच नाही.

उच्चारांचे सांगायचे तर देवनागरी त्यांच्यासाठी जवळपास शिवल्यासारखी आहे. मूळ स्वर तीनच : अ, इ, उ, आणि प्रत्येकाचे ऱ्हस्व-दीर्घ. ए आणि ओ हे घशातल्या ‘क’ आणि ‘र’च्या आधी इ आणि उ यांचेच बदललेले रूप. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. मान्ना म्हणजे ‘आत्ता’, मन्ना म्हणजे ‘हे’. रोमन लिपीतून नजर फिरवणारा वाचक हा फरक सहज घालवून बसतो, आपण काना देऊन तो अचूक दाखवू शकतो. म्हणून राजधानी ‘नुक’ किंवा ‘नूउक’ लिहू नका, नूक लिहा. रोमनमध्ये क्यू हे अक्षर दिसले की तो उर्दूतल्या नुक्तेवाल्या ‘क़’सारखा घशातून काढलेला क आहे, मराठीत साधा क चालेल, ‘क्व’ मात्र चालणार नाही. दोन एल एकत्र आले की जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची असते. छापताना ‘ल्ल’ लिहा, निवेदकांना तेवढे सांगून ठेवा.

या भाषेची लिपी कोणी बसवली, कशी बदलली, हेही बातमीच्या बाहेरचे नाही. ग्रीनलंडमध्येच जन्मलेले मिशनरी सॅम्युएल क्लाइनश्मिट यांनी १८५१ मध्ये व्याकरण छापले आणि त्यांचे शुद्धलेखन शतकाहून अधिक काळ चालले. १९७३ मध्ये ते सोपे करण्यात आले, म्हणून जुन्या नकाशांवरची आणि आजची गावांची नावे जुळत नाहीत. बातमीदार जुन्या पुस्तकातले एक रूप आणि आजच्या बातमीतले दुसरे रूप घेतो आणि एकाच गावाची दोन गावे होतात.

कलाल्लिसुत हे मुळात पश्चिमेचे रूप आहे. पूर्वेला तुनुमीसुत बोलतात, सुमारे तीन हजार लोक. उत्तरेला कानाकच्या भागात इनुक्तुन, हजाराच्या आत. युनेस्कोने या दोन्हींना निश्चित धोक्यात असलेल्या भाषांत गणले आहे. तासीलाकच्या मुलाला घरी एक ऐकू येते, शाळेच्या पुस्तकात पश्चिमेचे वाचावे लागते आणि वरच्या शिक्षणाला गेले की डॅनिश. उच्च माध्यमिकपासून पुढे बराचसा अभ्यास डॅनिशमध्ये चालतो. डॉक्टर पुष्कळदा डेन्मार्कहून थोड्या आठवड्यांच्या करारावर येतात आणि दुभाष्याशिवाय रुग्णाशी बोलू शकत नाहीत. दुसऱ्या बाजूने नूकमध्ये डॅनिश बोलतच वाढलेले ग्रीनलंडवासीही आहेत, आणि भाषा येत नाही म्हणून आपले ग्रीनलंडपण कमी लेखले जाते ही त्यांची व्यथा खरी आहे. मे २०२३ मध्ये खासदार आकी-मातिल्दा हॉय-दाम डेन्मार्कच्या संसदेत कलाल्लिसुतमध्ये बोलल्या आणि डॅनिश भाषांतर द्यायला त्यांनी नकार दिला. १७९ जणांच्या त्या सभागृहात ग्रीनलंडच्या जागा दोन आहेत. स्वातंत्र्याचा वाद समजून घ्यायचा असेल तर त्या भाषणापासून सुरुवात करणे बरे.

पाचवी तक्रार त्या वादाचीच, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘स्वायत्तता’, ‘स्वशासन’, ‘स्वातंत्र्य’ हे शब्द एकाच बातमीत आलटून पालटून पडतात. त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि प्रत्येकाला तारीख आहे. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या नव्या राज्यघटनेने ग्रीनलंड वसाहत न राहता डेन्मार्कचा एक जिल्हा झाले. ग्रीनलंडमध्ये त्यावर सार्वमत घेतले नाही. १ मे १९७९ ला गृहशासन, म्हणजे अंतर्गत कारभारापुरती स्वायत्तता, आले. २५ नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी कौल दिला आणि २००९ पासून स्वशासन सुरू झाले. स्वातंत्र्य अजून यायचे आहे. त्यांच्या भाषेत नाम्मिनेक म्हणजे स्वतः. स्वशासन नाम्मिनेर्सोर्नेक आणि स्वातंत्र्य नाम्मिनीलिविन्नेक. आपल्या दोन शब्दांतही तोच ‘स्व’ आहे, म्हणून गोंधळ होतो हे कळते, पण तो टाळता येण्याजोगा आहे.

२००९च्या कायद्याची प्रस्तावना ग्रीनलंडच्या लोकांना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा अधिकार असलेले ‘लोक’ मानते. २१वे कलम वाट सांगते. स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या लोकांनी घ्यायचा. तो झाला की नालाक्केर्सुइसुत, म्हणजे त्यांचे सरकार, आणि डेन्मार्कचे सरकार वाटाघाटी करणार. झालेल्या कराराला इनात्सिसार्तुत या ३१ सदस्यांच्या संसदेची संमती लागेल, ग्रीनलंडमध्ये सार्वमत लागेल आणि डेन्मार्कच्या संसदेची संमतीही लागेल. २०१७ मध्ये नेमलेल्या आयोगाने स्वतंत्र ग्रीनलंडच्या राज्यघटनेचा मसुदा एप्रिल २०२३ मध्ये सादर केला. एवढी तयारी झालेली असताना ‘ट्रम्प यांच्यामुळे ग्रीनलंडला स्वातंत्र्याची स्वप्ने’ अशा धाटणीचा मथळा देणे हा त्या लोकांवर अन्याय आहे.

पैशाचा भाग तर बहुतेक ठिकाणी गाळलाच जातो. डेन्मार्क दरवर्षी ठोक अनुदान देतो. २००९च्या किमतीत ते ३४३.९६ कोटी डॅनिश क्रोनर ठरले आणि महागाईप्रमाणे वाढत जाते. सरकारी खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग त्यातून निघतो. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि चलन डेन्मार्ककडे आहे. न्यायालये आणि पोलीस कायद्याने ताब्यात घेता येतात, पण खर्च स्वतः उचलावा लागतो, म्हणून तेही अजून डेन्मार्ककडेच आहेत. खनिजांचे उत्पन्न आले तर ७.५ कोटी क्रोनरपर्यंत पूर्ण ग्रीनलंडचे, त्यावरच्या रकमेच्या निम्मी रक्कम अनुदानातून वजा. समजा एका वर्षी २७.५ कोटी आले. ७.५ बाजूला काढले, २० उरले, त्यातले १० कोटी अनुदानातून कापले जातील. म्हणजे हातात येणारी निव्वळ वाढ १७.५ कोटी. अनुदानाची जागा खाणींनी घ्यायची तर खाणी किती लागतील, याचा हिशेब इथूनच मांडता येतो. आजच्या घडीला चालू खाणी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मासळीचा आहे, मुख्यतः कोळंबी आणि हॅलिबट.

खनिजे मिळतील म्हणून सगळे खाणींना होकार देतील, हेही गृहीत धरू नका. नार्साक गावाजवळच्या कुआन्नेर्सुइत डोंगरात दुर्मीळ मृदा खनिजांबरोबर युरेनियम आहे. २०२१ची निवडणूक मोठ्या प्रमाणात त्याच खाणीवर लढली गेली, खाणीला विरोध करणारा इनुइट आताकातिगीत पक्ष जिंकला आणि त्याच वर्षाअखेरीस युरेनियम असलेल्या खाणकामावर कायद्याने बंधन आले. ‘ग्रीनलंडची खनिजे कोणाला मिळणार’ या चर्चेत हा कायदा कोणी उच्चारल्याचे आम्ही ऐकले नाही.

११ मार्च २०२५ च्या निवडणुकीचा निकालही मराठीत ‘स्वातंत्र्यविरोधकांचा विजय’ असा आला. देमोक्रातित पक्षाला सुमारे ३० टक्के मते आणि १० जागा मिळाल्या. तो स्वातंत्र्याच्या विरोधात नाही, आधी अर्थव्यवस्था उभी करू म्हणणारा आहे. नालेराक पक्षाला २४.५ टक्के मते आणि ८ जागा मिळाल्या, आणि त्याला वाटाघाटी लवकर सुरू व्हायला हव्या आहेत. इनुइट आताकातिगीत ७, सिउमुत ४, आतास्सुत २. नालेराक सोडून चारही पक्षांनी येन्स-फ्रेडरिक निल्सन यांच्या नेतृत्वाखाली सरकार बनवले. स्वातंत्र्य हवे की नको यापेक्षा कधी, कोणत्या क्रमाने आणि किती किमतीला, हा तिथला खरा वाद आहे. कुक बेटे किंवा मार्शल बेटांसारखा मुक्त सहयोगाचा करार एखाद्या मोठ्या देशाशी करावा का, यावरही तिथे बोलले जाते.

जानेवारी २०२५ च्या जनमत चाचणीत ८५ टक्के लोकांनी अमेरिकेत जायला नकार दिला, ६ टक्क्यांनी होकार. हे आकडे तुम्ही छापलेत. त्याच चाचणीतले दुसरे आकडे मागे पडले : आज मतदान झाले तर ५६ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, २८ टक्के विरोधात, राहणीमान खालावणार असेल तर ४५ टक्के विरोधात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. डेन्मार्ककडून स्वतंत्र व्हायचे आहे याचा अर्थ अमेरिकेचे व्हायचे आहे असा नाही.

सहावी तक्रार ‘विकत घेणे’ या शब्दाची. जणू सातबाऱ्यावरचे नाव बदलायचे आहे. ग्रीनलंडमध्ये सातबारा नाही. घर तुमच्या मालकीचे असू शकते, त्याखालची जमीन नसते. ती कोणाचीच खासगी नसते, पालिका फक्त जागा वापरायला देते. अमेरिकेने १९४६ मध्येही १० कोटी डॉलर देऊ केले होते. १९१७ मध्ये अमेरिकेने डेन्मार्ककडून कॅरिबियन समुद्रातली बेटे २.५ कोटी डॉलरला घेतली. त्या व्यवहारावर डेन्मार्कमध्ये सार्वमत झाले, बेटांवरच्या लोकांना अधिकृत मत नव्हते. त्याच व्यवहारात अमेरिकेने लिहून दिले की संपूर्ण ग्रीनलंडवर डेन्मार्कने आपले राजकीय-आर्थिक हितसंबंध वाढवण्याला आमची हरकत नाही. आणि तमिळनाडूतले तरंगंबाडी आठवा. १६२० मध्ये तंजावरच्या नायकाच्या परवानगीने डॅनिशांनी तिथे किल्ला बांधला, पुढे तंजावरचे राज्य भोसल्यांकडे आले. डेन्मार्कने ते ठाणे १८४५ मध्ये ब्रिटिशांना विकले. तिथल्या लोकांना कोणी विचारले नाही. कोपनहेगनचे जे मिशन-मंडळ १७१४ पासून तरंगंबाडीचे काम पाहत होते, त्याच्याच अखत्यारीत हान्स एगेडे यांचे १७२१ पासूनचे ग्रीनलंडमधले मिशन आले. हा इतिहास मराठी वाचकाच्या अंगणापर्यंत येतो, तो सांगायला कोणत्याही परदेशी वृत्तसंस्थेची वाट पाहावी लागत नाही.

शेवटची तक्रार. अमेरिका खलनायक ठरली की डेन्मार्क आपोआप सज्जन पालक ठरतो. १९५१ मध्ये २२ मुलांना आईवडिलांपासून तोडून ‘डॅनिश’ बनवण्यासाठी डेन्मार्कला नेले गेले. हयात असलेल्या सहा जणांची पंतप्रधानांनी प्रत्यक्ष माफी मागितली ती २०२२ मध्ये. १९५३ मध्ये अमेरिकी तळासाठी उत्तरेकडच्या कुटुंबांना घरे सोडून कानाकला जायला लावले गेले. डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या ग्रीनलंडच्या आईवडिलांना ‘पालक म्हणून सक्षम आहात का’ हे पाहणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्या डॅनिश भाषेत आणि डॅनिश संस्कृतीच्या मोजपट्टीने द्याव्या लागत, मुले काढून घेतली जात. मे २०२५ पासून त्यांच्यासाठी त्या बंद झाल्या. स्वातंत्र्याची इच्छा कुठून येते हे कळायला या तीन गोष्टी पुरतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

ग्रीनलंडवरच्या प्रत्येक मोठ्या बातमीत किमान एका ग्रीनलंडवासीयाचे म्हणणे नावानिशी द्या. सार्वजनिक प्रसारणसंस्था केएनआर आणि ‘सेर्मित्सिआक’ हे वृत्तपत्र कलाल्लिसुत आणि डॅनिशमध्ये रोज लिहितात. त्यांचे म्हणणे मिळवायला वेळेची अडचण नाही : नूक हिवाळ्यात भारताच्या साडेसात तास मागे असते, उन्हाळ्यात साडेसहा. मुंबईत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जानेवारीत तिथे सकाळचे साडेदहा झालेले असतात, कचेऱ्या उघडलेल्या असतात आणि तुमच्या शहर आवृत्तीला अजून अवकाश असतो.

‘एस्किमो’, ‘स्थानिक बोली’ आणि ‘विकत’ हे शब्द वृत्तलेखातून काढा. कोणाचे उद्गार देताना ‘विकत’ आले तर अवतरणात ठेवा. गृहशासन १९७९, स्वशासन २००९, स्वातंत्र्य भविष्यातले, हा भेद उपसंपादकांच्या शब्दावलीत लिहून ठेवा. नूक, कानाक, इलुलिस्सात, सिसिमिउत, पितुफ्फिक, कलाल्लिसुत, इनात्सिसार्तुत, नालाक्केर्सुइसुत या आठ नावांचे मराठी लेखन एकदा ठरवा आणि सर्वांनी तेच वापरा. पितुफ्फिक विशेषतः, कारण अमेरिकेनेच २०२३ मध्ये थुले हे तळाचे नाव बदलून ते ठेवले आणि मराठीत अजून थुलेच चालू आहे.

२१व्या कलमाची वाट आणि ठोक अनुदानाचा हिशेब एका चौकटीत तयार ठेवा. स्वातंत्र्याची बातमी येईल तेव्हा ती चौकट शेजारी लावा.

आणि मार्च २०२५ च्या निकालाला ज्यांनी ‘स्वातंत्र्यविरोधकांचा विजय’ म्हटले, त्यांनी दुरुस्ती छापावी. उशीर झाला असला तरी छापावी, कारण तो मथळा अजून शोधात पहिला येतो आणि मुले तोच उतरवून घेतात.

कळावे,
आपले,
कलाल्लिसुतचे काही मराठी अभ्यासक आणि अनुवादक